खरखर, टोमॅटो आणि नव्वद पॉइंट चार

मॅच चालू असली की आमच्या इमारतीत विकेट आधी तळमजल्यावर पडते आणि मग तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर वॉचमनकाकांचा ट्रान्झिस्टर आहे, तिसऱ्यावर मी आणि माझा फोन. काकांनी “गेला रे!” म्हणून मांडीवर थाप मारली की मी फोनकडे बघत बसतो. माझ्या ॲपवरचा गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला चेंडू पॅन्टला घासत असतो. काकांचा आवाज मनोऱ्यावरून सुटतो तो थेट त्यांच्या सेटात शिरतो. माझ्या आवाजाचे आधी तुकडे होतात, ते कुठल्यातरी सर्व्हरच्या गोदामात जातात, तिथून रांग लावून माझ्यापर्यंत येतात. त्यात फोनही असा व्यापारी, की थोडा माल गाठीशी जमल्याशिवाय दुकान उघडत नाही. तेवढ्यात खाली काकांचं सेलिब्रेशन आटोपून चहा मागवून झालेला असतो.

जगाच्या रेट्यात आपला गावचा रेडिओ बदलला, असं हल्ली फार ऐकू येतं. बदलला खरा. पण त्याची जुनी ट्रंक उघडून बसलं की कळतं, निव्वळ गावचा असा तो कधी नव्हताच. त्याची पाळंमुळं भलत्याच ठिकाणी निघतात.

कार्ल्सबादचा शिवरंजनी

सुरुवात पहाटेपासून करू. आकाशवाणी उघडताना वाजणारी ती धून. तंबोऱ्यावर संथ चढत जाणारं व्हायोलिन. ऐकली की आपल्याला आजोळ, बंब, दुधाची किटली आणि चुलीचा धूर आठवतो. इतकी आपली. ती बांधली वॉल्टर कॉफमन नावाच्या माणसाने. जन्म बोहेमियातल्या कार्ल्सबादचा, ज्यू, नाझींच्या भीतीने युरोप सोडून १९३४ साली मुंबईला आलेला. पुढे मुंबई केंद्रावर त्याने पाश्चात्त्य संगीताचं काम पाहिलं. धुनेवर छाया शिवरंजनीची. त्यात व्हायोलिन वाजवलं ते मेहली मेहतांनी, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांनी, असं सांगतात. एका निर्वासिताने बांधलेली आणि एका पारशाने वाजवलेली ही धून ऐकत अख्ख्या देशाने दात घासले.

नावाची गोष्ट उलट्या दिशेची. “आकाशवाणी” हे नाव दिल्लीच्या कुठल्या समितीत जन्मलेलं नाही. म्हैसूरला एम. व्ही. गोपालस्वामी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरातून एक छोटं स्टेशन चालू केलं आणि त्याचं नाव ठेवलं आकाशवाणी. पुढे १९५०च्या दशकात तेच नाव सगळ्या देशाच्या रेडिओने उचललं. घरातल्या खोलीतला रेडिओ राष्ट्रीय झाला, निदान नावापुरता.

मुंबईतही सुरुवात हौशी मंडळींनीच केली. बॉम्बे रेडिओ क्लबने १९२३च्या जूनमध्ये पहिले कार्यक्रम हवेत सोडले. मग २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते थाटात सुरू झालं. ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा. प्रत्येक सेटमागे वर्षाला दहा रुपये लायसन फी, त्यातल्या वाट्यावर कंपनीचा संसार. आता लायसन न काढता चोरून ऐकणं हा कुठल्याही काळातला सोपा मार्ग, आणि तेव्हा मुळात सेटच थोडे. १९३० साली कंपनीचं दिवाळं वाजलं. स्थानिक रेडिओचं पैशाचं गणित जुळत नाही ही रड अशी जवळजवळ शंभर वर्षांची आहे.

लायसन मात्र टिकलं. सायकलला बिल्ला आणि रेडिओला पुस्तिका. पोस्टात जाऊन दरवर्षी त्यात तिकिटं डकवून घ्यायची. हे प्रकरण १९८०च्या दशकात संपलं. आजच्या मुलांना सांगितलं तर ती विचारतात, “म्हणजे सबस्क्रिप्शनच ना?” आहेच की.

पेटीला बंदी, टूथपेस्टला मोकळं रान

आता इतिहासातला माझा सगळ्यात आवडता विनोद. १९४० साली आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी आली. पेटी परदेशी, तिला मींड घेता येत नाही, भारतीय सुरांना ती शोभत नाही, हे कारण. आणि ही बंदी घालणाऱ्या संस्थेचा प्रमुख कोण, तर लायोनेल फील्डन, इंग्रज! भारतीय संगीताच्या शुद्धतेची काळजी साहेबाला, आणि इकडे नाट्यसंगीताचा अख्खा संसार पेटीवर उभा. साहेब गेला, बंदी राहिली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. तीसेक वर्षं पेटीवाले केंद्राच्या पायऱ्या चढायचे ते पेटी बाहेर ठेवून.

स्वातंत्र्यानंतर माहिती व नभोवाणी मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कट्टर भोक्ते. सिनेमाची गाणी म्हणजे रुचीचा सत्यानाश, असं त्यांचं ठाम मत. १९५२च्या सुमारास आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. त्या काळात अनेक गवयांना नियमित कार्यक्रम आणि मानधन मिळालं, हे त्यांच्या पदरात टाकलंच पाहिजे. पण श्रोता काय करतो? बटण फिरवतो.

बटण फिरलं ते थेट रेडिओ सिलोनवर. तिथला ताकदवान ट्रान्समीटर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांसाठी बसवलेला. लढाई संपली, यंत्र उरलं. लघुलहरी आकाशातल्या थराला धडकून परत खाली येतात, त्यामुळे कोलंबोचा आवाज साताऱ्यात घरच्यासारखा खणखणीत यायचा. डिसेंबर १९५२मध्ये तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली. टूथपेस्ट स्विस कंपनीची, ट्रान्समीटर लष्कराचा, बेट सिंहली लोकांचं, आणि निवेदक अमीन सयानी आमच्या मुंबईचे. गंमत म्हणजे कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. गाणी मुंबईत तयार झालेली, आवाज मुंबईचा, कान मुंबईचे, फक्त फेरा कोलंबोवरून. माझ्या फोनमधली मॅच आजही हेच करते. विमानाऐवजी केबल, एवढाच फरक.

शेवटी सरकारने हात टेकले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली. हिला जाहिराती मिळायला आणखी दहा वर्षं लागली. १९६७ साली जाहिरातींचा नारळ फुटला तो मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर. म्हणजे रेडिओवर साबण विकायची सुरुवात मराठी मुलखातूनच झाली. त्या काळात झारखंडच्या डोंगरातलं झुमरी तलैया नावाचं अभ्रकाचं गाव केवळ फर्माइशीच्या पत्रांनी देशभर गाजलं. त्या गावाने दुसरं काही केलं नाही. पोस्टकार्डं लिहिली. ट्रेंडिंग होण्याचा इतका स्वस्त मार्ग पुन्हा सापडलेला नाही.

जंगलातलं स्टेशन

१९४२ साल रेडिओच्या बाबतीत भलतंच रंगलं होतं. त्या वर्षी मार्चमध्ये बीबीसीने लंडनहून मराठीत बोलायला सुरुवात केली. ती सेवा १९५८ साली बंद पडली आणि २०१७ साली बीबीसी मराठी पुन्हा आली ती वेबसाइट म्हणून. युद्धाच्या धामधुमीत लंडनला मराठी आठवली, याचं कौतुक करावं तर त्याच ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सोबती ४२.३४ मीटरवरून छुपा काँग्रेस रेडिओ चालवू लागले. पोलिसांचा माग लागला की ट्रान्समीटर उचलायचा आणि दुसऱ्या इमारतीत मांडायचा. बिऱ्हाड पाठीवर. अडीच महिने हा खेळ चालला आणि १२ नोव्हेंबरला धाड पडली. उषाबेनना शिक्षा झाली आणि त्या येरवड्याला गेल्या. येरवडा लक्षात ठेवा, परत तिथे जायचं आहे.

गोव्याची गोष्ट याहून लांब पल्ल्याची. तिथे पोर्तुगीजांचा अधिकृत “एमिसोरा द गोवा” होता. त्याला उत्तर म्हणून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून भूमिगत केंद्र चालवलं, कोंकणी आणि पोर्तुगीजमध्ये. कुठून? आधी आंबोलीच्या जंगलातून, मग कॅसल रॉकच्या बाजूने. आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याने कल्पना करावी. चार-चार महिने सूर्य नाही, जळवा, धुकं, आणि त्यात रेडिओची यंत्रं कोरडी ठेवायची. एक-दोन नव्हे, सहा वर्षं. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा या दोघांनी विमानातून, गोव्याच्या आकाशात घिरट्या घालत, ती बातमी लोकांना सांगितली. पुढे दोघांनी लग्न केलं. २०२५ साली लिबियाताईंना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती.

छप्पन्न आठवड्यांची वेबसीरिज

एका मध्यम शहरातलं केंद्र काय करू शकतं याचा आपल्याकडचा विक्रम अजून पुण्याच्या नावावर आहे. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ला. म्हणजे अजून भिंतींचा ओला चुन्याचा वास गेला नसेल तेवढ्यात केंद्रावरच्या सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांच्या मागे लकडा लावला. १ एप्रिल १९५५, रामनवमी. गीतरामायणाचं पहिलं गाणं प्रसारित झालं. मग आठवड्याला एक गाणं. बेत बावन्नचा होता, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गाणी झाली छप्पन्न. पंचांगामुळे मालिकेचे भाग वाढल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण असेल.

पहिल्या गाण्याचा किस्सा तर पुण्यात अजून चवीने सांगतात. गदिमांनी गाणं लिहून सुधीर फडक्यांना दिलं आणि बाबूजींनी ते हरवलं. प्रसारणाची वेळ अंगावर आलेली. गदिमा संतापले. मग त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आणि गाणं पुन्हा लिहून घेतलं. दुसऱ्यांदा लिहिलेलं तेच आज आपल्याला पाठ आहे.

दर आठवड्याला पुढचा भाग, घराघरात ठरलेल्या वेळी जमणारी माणसं, दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्याचीच चर्चा, वर्तमानपत्रांत छापून येणारे शब्द: आजच्या ओटीटीवाल्यांना जे जमावं म्हणून ते देव पाण्यात घालून बसतात ते सगळं इथे होतं. वर एक गोष्ट त्यांच्याकडे नाही. लोक गाणं सुरू व्हायच्या आधी रेडिओच्या सेटला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. टीव्हीचं भाग्य उजळलं ते पार रामानंद सागरांच्या काळात.

पुण्यातूनच बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटचं धावतं वर्णन मराठीत आणलं. इंग्रजांच्या खेळातल्या जागांना आणि फटक्यांना मराठी नावं चिकटली ती त्यांच्या जिभेवरून. सकाळी सुधा नरवणे बातम्या देऊ लागल्या की मुलांना कळायचं, शाळेला उशीर होतोय. घड्याळ बघायची गरज नसे. मुंबई केंद्रावर टेकाडे भावजी “पुन्हा प्रपंच”मधून रोजच्या महागाईची आणि शेजाऱ्यांची खिल्ली उडवायचे. पुढे कित्येक घरांत आगंतुक दिरांचं नावच टेकाडे भावजी पडलं. आमच्याकडे एक होते. त्यांना ते कधी कळलं नाही.

पाणी कधी येणार ते सांगा, का नाही आलं ते नको

मग आलं एफएम. १९९३ साली मुंबईच्या एफएमवर खासगी मंडळींना तास भाड्याने मिळू लागले. त्याच वर्षी हिरो कपच्या सामन्यांचं प्रक्षेपण कोणी करायचं यावर भांडण लागलं आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकार बोट दाखवत होतं १८८५च्या तार कायद्याकडे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने निकाल दिला: रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारची मक्तेदारी नव्हे. क्रिकेटच्या भांडणातून हवा लोकांच्या नावावर झाली. सातबारा मात्र अजून सरकारी कचेरीतच आहे.

२००१ साली बेंगळुरूत रेडिओ सिटी सुरू झाली आणि खासगी एफएमचं पीक आलं. स्टेशनं वाढली, तसे आवाज मात्र एकसारखे होत गेले. पुण्याहून निघून नाशिक, नाशिकहून जळगाव असा गाडीने प्रवास करा. शहर बदलतं, आकडा बदलतो, गाणं तेच. गाण्यांची यादी मुख्यालयात ठरते, निवेदकाचा हशाही तिथूनच कुरिअरने येतो की काय अशी मला शंका आहे. “स्थानिक” म्हणजे मधूनमधून चौकाचं नाव घ्यायचं आणि जाहिरात कोपऱ्यावरच्या सोनाराची.

मुंबईत तर काही काळ खासगी एफएमवर मराठी गाणंच लागत नसे. एका ठिकाणी संगीतकार कौशल इनामदारांना कारण ऐकायला मिळालं: मराठी गाणी लावली तर स्टेशन “डाऊनमार्केट” वाटेल. या गृहस्थांनी चिडून मोर्चा काढला नाही. सुरेश भटांची कविता घेतली, साडेचारशेच्या आसपास गायक गोळा केले, लोकांकडून वर्गणी काढली आणि २०१०च्या मराठी भाषा दिनाला मराठी अभिमानगीत बाहेर काढलं. एका नकारातून इतका मोठा कोरस उभा राहिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. तिकडे कोल्हापूरकरांनी डाऊन-अपची चर्चाच केली नाही. त्यांनी आपल्या स्टेशनचं नाव ठेवलं टोमॅटो एफएम. तांबड्या रश्श्याच्या गावाने ठेवावं असंच नाव.

पण खासगी एफएमच्या नियमांतली खरी मौज पुढे आहे. यांना बातम्या देता येत नाहीत. लावायच्याच तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावायच्या. मग रहदारी, हवामान, परीक्षेचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना? नियम म्हणतो, या बातम्या नव्हेत. म्हणजे उद्या तुमच्या भागात पाणी कधी येणार हे रेडिओवाला सांगू शकतो. काल का आलं नाही, हे विचारायला गेला की ती बातमी होते. सारं जग हातातल्या फोनवर चोवीस तास बातम्यांचा रतीब घालतंय आणि गावातला रेडिओ वॉर्डातल्या फुटलेल्या पाइपाबद्दल गप्प. मला हा नियम कधीच पटलेला नाही. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांसाठी म्हणून. त्या वाहिन्या मातृभाषेत नक्की काय बोलणार, हा प्रश्न उरतोच.

शंभर वॉटची सत्ता

आता छोट्यांकडे. सामुदायिक रेडिओला परवानगी असते शंभर वॉट प्रभावी शक्तीची. शंभर वॉट म्हणजे जुन्या काळी माजघरात लोंबकळणारा पिवळा दिवा. त्यात आवाज जातो दहा-पंधरा किलोमीटर. तालुक्याच्या बाजारातून निघून एसटी दुसऱ्या-तिसऱ्या थांब्यावर पोचली की खरखर. पण तेवढ्यात किती गावं येतात!

२००२ साली ही दारं आधी शिक्षणसंस्थांना उघडली. चेन्नईचं अण्णा एफएम २००४ साली आलं, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी त्याच्या पुढच्या वर्षी. २००६ साली स्वयंसेवी संस्थांनाही मुभा मिळाली आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी आजच्या तेलंगणातल्या माचनूर गावात संगम रेडिओ बोलू लागला. चालवणाऱ्या दलित शेतकरी बायका. विषय बी-बियाणं, ज्वारी-बाजरी, सणांची गाणी. याच वर्षी आपल्या साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आली. माण तालुका म्हणजे पावसाने वर्षानुवर्षं पाठ फिरवलेला मुलूख. चेतना सिन्हांनी जिथे बायकांची बँक काढली तिथेच हा रेडिओ. शेळ्यांचं लसीकरण, गजी नृत्याची गाणी, बचतीचा हिशोब, आणि हे सगळं अस्सल माणदेशीत. शहरी कानाला ज्या भाषेत “ग्रामीण विनोद” ऐकू येतो त्याच भाषेत इथे गंभीर गोष्टी बोलल्या जातात. व्यंकटेश माडगूळकर याच माणदेशाचे, आणि त्यांनीही पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांत वर्षानुवर्षं काम केलं. म्हणजे माणदेशी बोली आधी पुण्याला जाऊन रेडिओवर बोलली आणि मग रेडिओच तिच्या गावाला आला.

म्हसवडचा आकडा ९०.४. बारामतीच्या वसुंधरा वाहिनीचाही ९०.४. देशात अशी ९०.४वाली स्टेशनं ढिगाने आहेत. नव्वद पॉइंट चार म्हणजे एका वर्गातल्या पाच सुनीलांसारखं. गोंधळ होत नाही, कारण एकाची हाक दुसऱ्याच्या गल्लीपर्यंत पोचतच नाही. कमी पोचण्याचाही असा फायदा असतो.

आणि आता येरवडा. तिथल्या मध्यवर्ती कारागृहात कैद्यांनी कैद्यांसाठी चालवलेला रेडिओ आहे. लहरी वगैरे नाहीत, बराकींतल्या स्पीकरांतून आवाज जातो, भिंतीबाहेर चकार शब्द नाही. याहून स्थानिक रेडिओ जगात नसेल. २००६च्या “लगे रहो मुन्ना भाई”मध्ये रेडिओ जॉकीच्या आवाजावर भाळलेला संजय दत्त पुढे शिक्षा भोगायला इथे आला आणि स्वतः माइकपुढे बसला. ज्या तुरुंगात उषा मेहतांना रेडिओ चालवल्याबद्दल डांबलं, तिथेच रेडिओ चालवणं सुधारणेचा भाग झालं.

मिनॉट, नॉर्वे आणि मेलेल्या बाईंची मुलाखत

बाहेरच्या जगात काय चाललंय? तीन गोष्टी, पटापट.

अमेरिकेने १९९६ साली कायदा बदलला आणि एका कंपनीने किती स्टेशनं घ्यावीत यावरची देशभराची मर्यादा उठवली. क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे बाराशेच्या घरात स्टेशनं गोळा झाली. निवेदक एका शहरात बसून दहा शहरांसाठी “गुड मॉर्निंग” मुद्रित करू लागले. १८ जानेवारी २००२ला मध्यरात्र उलटल्यावर नॉर्थ डकोटातल्या मिनॉट गावाजवळ मालगाडी घसरली आणि अमोनिया वायू पसरला. गावातली सहा व्यापारी स्टेशनं एकाच मालकाची. सूचना द्यायला अधिकाऱ्यांनी फोन लावले, कोणी उचलेना. चूक स्टेशनची की पोलिसांच्या यंत्रणेची यावर तिथे अजून वाद आहे. पण मध्यरात्री फोन वाजत राहिल्याचं ते चित्र काही डोक्यातून जात नाही.

नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद करून सगळा कारभार डिजिटलवर नेला. जगात पहिलाच देश. पण छोट्या स्थानिक स्टेशनांना एफएमवर राहू दिलं. मोठी जहाजं गेली, होड्या तिथेच.

तिसरी गोष्ट पोलंडची. ऑक्टोबर २०२४मध्ये क्राकोवच्या “ऑफ रेडिओ”ने माणसं बाजूला सारून यंत्रबुद्धीचे निवेदक बसवले. त्यातल्या एकीने मुलाखत घेतली नोबेलविजेत्या कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का यांची. विषय, २०२४चं साहित्याचं नोबेल. बाई २०१२ सालीच वारल्या होत्या. लोक इतके भडकले की आठवड्याभरात प्रयोग गुंडाळावा लागला. आपल्याकडे गदिमांकडून एआयने सत्तावन्नावं गाणं लिहून घेतलं, तर पुण्यात काय होईल याचा विचार करा. मी केला, आणि लगेच थांबवला.

इअरफोनची शेपटी

फोनवर एफएम लावलं की तो म्हणतो, आधी इअरफोन जोडा. यात तुमच्या कानांची काळजी नसते. इअरफोनची वायर हाच त्याचा अँटेना. ब्लूटूथवाले आले, शेपटी गळाली, आणि फोनच्या पोटात एफएमची चिप असूनही तो बहिरा झाला. कित्येक कंपन्यांनी ती चिप बंदच ठेवली. शेवटी एप्रिल २०२३मध्ये सरकारला सांगावं लागलं, की बाबांनो, एफएम बंद करू नका, वादळवाऱ्यात नेट जातं तेव्हा हेच उपयोगी पडतं.

लहरींना मात्र सरहद्दी कळत नाहीत, धोरणंही कळत नाहीत. पावसाळ्याआधीच्या उकाड्यात अरबी समुद्रावर गरम हवेचा थर बसतो आणि त्याखाली एफएमच्या लहरी बोगद्यातून गेल्यासारख्या दूरवर घरंगळत जातात. एरवी पन्नास-साठ किलोमीटरवर दम तोडणारी आखाती स्टेशनं अशा वेळी पश्चिम किनाऱ्यावर अवचित ऐकू येतात. रत्नागिरीचा माणूस स्टेशन शोधायला जातो आणि हाती लागतं अरबी गाणं. नागपूरची कथा मोठ्या प्रमाणावरची. तिथल्या १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून १९८८ पासून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्रभर चाले, १५६६ किलोहर्ट्झवर. म्हसवडच्या दहा हजार पट ताकद. रेडिओवेडे लोक दूरदेशी थंडीत जागून तो आवाज पकडायचे आणि पोचल्याची पावती म्हणून केंद्राकडून कार्ड मागवायचे. २०१९ साली ती वाहिनी बंद झाली. नागपूरचं ऊन दूरदेशी पोचवायची ती एक सोय होती, तीही गेली.

माझी एक मावसबहीण टोरंटोला असते. मूळची कोल्हापूरची. ती रात्री जेवणं उरकून भांडी घासताना आकाशवाणीच्या ॲपवर सकाळचा रेडिओ लावते. आपले सकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ, त्यामुळे उद्याच्या बातम्या ती आजच ऐकते. बाजारभावही ऐकते. कांदा तिथे घ्यायचा नसतो, पण गूळ उतरला की तिला बरं वाटत नाही. मावशीकडे मात्र रेडिओ केव्हाच माळ्यावर गेला, आणि सकाळी टीव्हीवर प्रवचन.

गेल्या मे महिन्यात मावशी गच्चीत कुरडयांचं वाळवण पसरून जेमतेम खाली येते तोच टोरंटोहून फोन. “आई, दुपारी तुमच्याकडे वळीव आहे म्हणतायत. कुरडया आत घे.”

मावशीने वर आकाशाकडे पाहिलं. स्वच्छ निळं. “कोण म्हणतंय?”

“अगं, आपलं कोल्हापूर.”

मावशीने कुरडया आत घेतल्या नाहीत. पाऊस तीन वाजता आला.